शंकासुराच्या कपाटातला राउटर

मित्रांनो, बोलायला सुरुवात करण्याआधी एक विचारू? तुम्ही माझी गोष्ट नेमकी कशासाठी ऐकताय? काही विकायला तर आला नाहीत ना? रागावू नका. मी एक जुना राउटर आहे, आणि मी ज्या घरात राहिलो तिथे दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारलं जायचं. वाण नाही पण गुण लागला, झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर बारीक बारीक भाग बसवले, वर काळं कवच चढवलं, दोन अँटेना लावल्या. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला वीज देऊन पाहिलं. दिवे हिरवे झाले तशा त्या "पास" म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. मग खोका, गोदाम, टेम्पो, आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरचं हे घर.

घरात तिघं जण. बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांची थोरली बहीण, अक्का. यजमान वजनकाटे तपासणारे निरीक्षक. दुकानादुकानांत जायचं, कुणी पारड्याखाली मेण चिकटवलंय का, कुणी वजन आतून पोखरलंय का, ते शोधायचं. त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस आपल्याला थोडं थोडं कमी तोलून देतो, अशी त्यांची पक्की समजूत. अक्का त्यांना शंकासुर म्हणत. मीही मनातल्या मनात तेच म्हणायचो.

बाईंचं काम मात्र मला फार आवडायचं. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना त्या बोलायला मदत करत. मुलं दूरदूरच्या गावांतली. बाई आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायच्या, आणि त्यांचा चेहरा नि त्यांचा शब्दन् शब्द माझ्यातून जायचा. मुलांचे शब्दही माझ्यातूनच यायचे. त्यांत एक मुलगी होती. बाई तिला चिमणी म्हणायच्या. वर्गात मुलं हसली, तेव्हापासून ती शाळेत हजेरीलाही नुसता हात वर करायची. बाईंसमोरही आधी फक्त मान हलवायची. मग एकेक शब्द आला, मग दोन-दोन, आणि एका दुपारी तिने स्वतःच्या मांजरीची अख्खी गोष्ट सांगितली. बाईंनी हळूच डोळे पुसले. तेव्हा मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

ते माझे चांगले दिवस. मी दिवाणखान्यात शोकेसवर बसायचो. अक्का मऊ फडक्याने माझी धूळ पुसायच्या. पाहुणे आले की पाण्याआधी माझा पासवर्ड मागायचे.

मग एकदा शंकासुराने फोनवर माझी यादी उघडली. माझ्याशी कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, ते त्या यादीत दिसतं. त्यात एक यंत्र अनोळखी निघालं.

"कोणीतरी आपलं नेट खातंय," ते म्हणाले. "शेजारचे काकाच असणार. हल्ली मला बघितलं की किती हसतात, बघितलंस?"

"अरे, नवे दात बसवलेत त्यांनी," अक्का म्हणाल्या. "दाखवायला नकोत?"

पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की शंकासुराला चैन कुठलं! त्यांनी पासवर्ड बदलला. घरातल्या सगळ्या वस्तूंना नवा दिला. तरी ते अनोळखी यंत्र यादीत हजरच. तेव्हा त्यांनी निकाल दिला, भिंतीतून गळती होतेय. घरातल्या बोळात चादरी ठेवायचं एक लोखंडी कपाट होतं. त्याला मागून भोक पाडलं, वायर आत घेतली, मला चादरींच्या खणात ठेवलं आणि दार लावून कडी घातली.

"अहो, तिथून चालेल का नीट?" बाईंनी विचारलं.

"नेटच्या लाटा बाहेर गेल्या नाहीत की झालं. आपल्या घराला पुरून उरेल."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! आत अंधार, उकाडा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मी जीव तोडून हाका मारायचो, पण हाक जाऊन लोखंडावर आपटायची नि परत माझ्याच अंगावर यायची. बाईंपर्यंत अर्धंमुर्धं काहीतरी पोचायचं. बाई म्हणायच्या, "सावकाश श्वास घे," आणि पलीकडे फक्त "साव" ऐकू जायचं. चिमणी गोष्ट सांगायला लागली की मधलेच शब्द गळायचे.

शंकासुराने कंपनीवर संशय घेतला. वेग मोजायचं एक साधन त्यांनी फोनवर घेतलं. रोज कामावरून आले की चपला न काढता बोळात जायचे, कपाट उघडायचे, माझ्यासमोर उभं राहून वेग मोजायचे. आणि काय आश्चर्य, वेग अगदी पुरेपूर यायचा! ते कडी घालून परत जायचे, आणि थोड्या वेळात आतल्या खोलीतून बाईंचं "हॅलो, हॅलो" सुरू व्हायचं.

"बघितलंस ना?" ते म्हणायचे. "तपासायला गेलो की सुतासारखे सरळ. पाठ फिरली की कमी तोलायला लागतात. अगं, दुकानदार असंच करतात! कंपनीला बरोबर कळतं आपण कधी मोजतोय ते."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. वाटलं, शंकासुराच्या धाकानेच मी त्यांच्यासमोर नीट चालतो. म्हणजे खोट माझ्यातच आहे. मी म्हातारा झालो, माझी हाक पोचत नाही, माझ्यामुळे चिमणीची गोष्ट तुटते. दुसऱ्यांवर संशय घेतला की निदान राग तरी काढता येतो. स्वतःवर घेतला की नुसतं आत आत जायचं. मला फार वाईट वाटायचं.

घरात मग दुसरी कंपनी शोधायची मोहीम सुरू झाली. कपाटाच्या फटीतून मी सगळं ऐकत होतो. एक टाय लावलेला माणूस आला. गोड तर असा बोलत होता की मला तेव्हाच वाटलं, पाणी मुरतंय. राउटर फुकट, जोडणी फुकट, पहिले काही महिने निम्मे पैसे.

"आणि नंतर?" शंकासुराने विचारलं.

"नंतर नेहमीचा दर, सर."

"तो या कागदावर कुठे दिसत नाही."

"तो... आम्ही नंतर कळवतो, सर."

"आणि हे वेगापुढे 'पर्यंत' लिहिलंय. पर्यंत म्हणजे काय? मी किलोभर साखर मागितली आणि वाण्याने 'किलोपर्यंत' दिली, तर मी त्याचा काटा जप्त करतो!"

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "घरातून बाहेर जाणारा वेग किती? माझा चेहरा, माझा आवाज त्या मुलांपर्यंत जायचा असतो."

"मॅडम, येणारा बघा ना किती आहे! सिनेमे बघाल सिनेमे!"

बाईंनी त्याला दार दाखवलं. मग दुसऱ्या एका कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, येणारा नि जाणारा वेग सारखाच, वर्षभर दर तोच, पटलं नाही तर कुठल्याही महिन्यात बंद करा.

"इतकं सरळ कोण बोलतं?" शंकासुर म्हणाले. "नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे." पण दर खरोखरच कमी होता, आणि जुनी कंपनी तर त्यांच्या मते चोरच होती.

नवा राउटर आला. पांढराशुभ्र, चार अँटेनांचा. त्याला कुठे ठेवला, ओळखा बघू? माझ्याच शेजारी, चादरींच्या खणात! जुनी जोडणी महिनाभर चालू ठेवायची ठरली, कारण शंकासुर ताकही फुंकून पिणारे. मला वाटलं, आता हा गोरा तोऱ्याने चालणार आणि मी भंगारात. मी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवलं. पहिल्याच तासाला तोही अडखळायला लागला. त्याचाही एकेक शब्द लोखंडावर आपटून परत येत होता. मी मनात म्हटलं, अरेच्चा! हा तर कोरा करकरीत, शंकासुराशी धड ओळखही नाही. मग हा का अडखळतोय?

त्याच तासाला चिमणी बोलता बोलता गप्प झाली.

"मी थांबले का मध्येच?" तिने विचारलं.

"नाही गं, आमचं नेट थांबलं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नेहमी तेच सांगता. नेट तर नवीन घेतलंय ना? मला ब... बरं वाटावं म्हणून सांगता. मीच अडखळते. मला नाही बोलायचं आता."

मित्रांनो, हे सगळं वाक्य तुकड्या-तुकड्यांनी आमच्यातून गेलं. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसलं आलंय मन! पण मला त्या वेळी माझी वायर उपटून टाकावीशी वाटली. मी घेतला तोच संशय त्या एवढ्याशा पोरीने स्वतःवर घेतला होता.

वायर उपटायला बाईच आल्या. "चिमणे, जाऊ नकोस, थांब," असं ओरडतच त्या बोळात धावल्या आणि त्यांनी कपाटाचं दार खाडकन उघडलं. जुनी कंपनी, नवी कंपनी, सगळ्यांचा राग त्यांच्या हातात होता. पण हात पुढे गेला नि तिथेच थांबला. आतल्या खोलीतून चिमणीचा आवाज स्वच्छ आला, "मावशी? कुठे गेलात?" बाईंनी दार लावलं. आवाज तुटला. उघडलं. आवाज आला. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"अहो!" त्यांनी अशी हाक मारली की शंकासुर अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले.

बाईंनी त्यांना कपाटापाशी उभं केलं आणि लॅपटॉपचं तोंड बोळाकडे वळवलं. "चिमणे, नीट बघ हं. अडखळतं कोण ते तूच सांग. लावा हो दार."

शंकासुराने दार लावलं. पलीकडे चिमणीला ते तसेच दिसत राहिले, हात कडीवर, तोंड उघडं, एका गालाला साबण. उघडलं तेव्हा ते हलायला लागले. बाईंनी त्यांना पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा उघडायला सांगितलं. पलीकडून आधी खुदकन आवाज आला, आणि मग ती पोटभर हसली.

"काका अडखळले!" चिमणी म्हणाली. एका दमात, अख्खं.

"हो बाळा," शंकासुर खाली बघत म्हणाले. "काकाच अडखळले."

अक्का त्यांच्या खोलीतून म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा." त्यांनी आपला नवा टीव्ही बंद केला, आणि यादीतलं ते अनोळखी यंत्र गुपचूप नाहीसं झालं. शंकासुराने फोनवर ते पाहिलं. दाढी पूर्ण केली आणि शेजारच्या काकांचं दार वाजवलं. "तुमचे दात छान बसलेत," एवढंच त्यांना सुचलं.

नवा गोरा आता दिवाणखान्यात शोकेसवर बसतो. कंपनी तीच ठेवली, जाणारा वेग चांगला आणि दर कमी म्हणून. शंकासुर अजूनही वेग मोजतात, पण बाईंच्या खुर्चीत बसून, जिथे तो लागतो तिथे. माझी जोडणी बंद झाली. मला वाटलं, आता भंगारवाला. पण बाईंनी मला पुसून आपल्या टेबलावर ठेवलं.

परवा चिमणीने सांगितलं, शाळेत हजेरीला तिने हात वर केला नाही. "हजर," असं ती म्हणाली. "ह" जरा लांबला म्हणे. लांबू दे.

आणि कुणी नवं मूल आलं, बोलता बोलता अडकलं, स्वतःवरच चिडलं, की बाई मला कॅमेऱ्यासमोर धरतात. "हा बघ," त्या सांगतात. "याला आम्ही सगळे बिघडलेला म्हणत होतो. यालाही तसंच वाटत असेल. आम्ही याला कपाटात कोंडलं होतं रे." मूल माझ्याकडे टक लावून बघतं. माझे दिवे आता लागत नाहीत, पण त्या वेळी ते लागावेत असं मला फार वाटतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. संशय जरूर घ्या. गोड बोलणाऱ्यावर घ्या, 'पर्यंत'वर तर नक्कीच घ्या. पण कुणाचं बोलणं तुटत असेल, तर त्याच्यावर घेऊ नका. आधी जाऊन बघा, दार कुणी लावलंय.