पिवळ्या दिव्याचा तक्ता

माझं नाव कडूबाई. माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून यमाला हिची गोडी वाटू नये असं नाव आईनं ठेवलं. ते मला चांगलंच लागू पडलं असं भूममधले लोक म्हणतात आणि मीही त्यांना अडवत नाही. एकतीस वर्षं मी या तालुक्यात नर्स होते. कधी एसटीची वाट बघत, कधी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून बाळंतपणांना पोचले. रिटायर झाले, मग अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले आणि एक पांढरी, छोटी, वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. ती तेव्हाच अकरा वर्षांची होती. आता ती सोळाची आहे, मी त्रेसष्टची आहे, आणि आम्हा दोघींना घरी बसवायचं माझ्या मुलानं ठरवून टाकलं होतं.

मुलगा कुलदीप पुण्यात इंजिनिअर आहे. दिवाळीला आला तेव्हा गाडीत बसल्याबरोबर त्याची नजर स्टिअरिंगमागच्या पिवळ्या दिव्यावर गेली. इंजिनाच्या आकाराचा तो दिवा दसऱ्यानंतर चारच दिवसांनी लागला होता. कधी आपोआप विझायचा, आठवड्यानं पुन्हा लागायचा, आणि लागायच्या आधी गाडी क्षणभर अडखळायची.

"आई, गाडीचंही वय झालं, तुझंही," कुलदीप म्हणाला. "आणि तुला जायचं तरी कुठं असतं?"

हा प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कधी शेजारच्या वाशी गावी बहिणीकडं जाते, कधी बाजाराला, आणि कधी कुठंच नाही, नुसतीच कुसळंब फाट्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत येते. गाडी असलेल्या पुरुषाला कुणी विचारतं का, तुला जायचं तरी कुठं असतं म्हणून? जाताना कुलदीपनं गाडीची दुसरी चावी कपाटातून काढून खिशात टाकली. "असू दे माझ्याकडं," म्हणाला. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा मला पुढं महिनाभर राग येत राहिला.

डिसेंबरात त्याचा फोन आला. त्याच्या कुणा मित्रानं सांगितलं होतं की अशा जुन्या गाडीत दिवा सारखा येत असेल तर इंजिनाचा कॉम्प्युटर गेला समजायचं, त्यात पैसा ओतण्यात अर्थ नाही. कुलदीपनं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. रविवारी येतो आणि व्यवहार करून टाकतो, म्हणाला.

"रविवारी तू ये," मी म्हटलं. "दिवा लागलेला असला तर गाडी घेऊन जा. नसला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"तू काहीतरी करून तेवढ्यापुरता विझवून ठेवशील."

"तुझ्या आईनं थर्मामीटर झटकून आजवर कुणाचा ताप उतरवलेला नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बोलून तर बसले होते. हातात तीन दिवस होते. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन स्टँडजवळच्या अक्रमच्या गॅरेजवर गेले. अक्रम तिशीचा आहे आणि त्याची नाळ मीच कापलेली आहे, त्यामुळं तो मला घाबरतो. त्याच्याकडं एक स्कॅनर आहे. स्टिअरिंगखाली त्याची पिन खुपसली की गाडीचा कोणता भाग तक्रार करतोय त्याचा नंबर पडद्यावर येतो. याआधी दोनदा त्यानं तो नंबर बघून पुसून टाकला होता. दोन्ही वेळा दिवा विझला आणि दोन्ही वेळा परत आला.

आज तिसराच नंबर आला. अक्रमनं डोकं खाजवलं.

"नर्सबाई, दर टायमाला येगळंच सांगालंय. आधी हवेचा सेन्सर, मग टेंपरेचरचा, आता आणखीन दुसराच. येवढे सेन्सर काय एकदम मरत न्हाईत. कॉम्प्युटरच गेला असंल." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "एक करू का? रविवारी सकाळी या. म्या नंबर पुसून देतो. दोन-तीन दिवस तरी दिवा येणार न्हाय. भाऊ येऊन बघून जाऊ द्या."

खोटं कशाला बोलू, मी अर्धा मिनिट विचार केला. रविवारी दिवा दिसला नसता, कुलदीप गेला असता, गाडी राहिली असती. पण नोकरीत असताना एका डॉक्टरांची मला भयंकर चीड होती. ते प्रत्येक तापाला एकच गोळी द्यायचे, आणि आठ दिवसांनी तोच माणूस झोळीत घालून परत आणायची वेळ यायची. त्यांच्याशी मी भर दवाखान्यात भांडले होते. आता स्वतःच्या गाडीला तीच गोळी देऊ?

"दिव्याला हात लावायचा न्हाई," मी म्हटलं. "हे बघ आधी."

पर्समधून वही काढून त्याच्यासमोर ठेवली. दवाखान्यात आम्ही रोग्याच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लावायचो, तसाच मी दिव्याचा केला होता. तारीख, वेळ, रस्ता, इंजिन गार की गरम, दिवा केव्हा लागला. सगळ्या मिळून अकरा नोंदी होत्या. अक्रमनं काळं बोट एकेका ओळीवरून फिरवलं.

"वाशी रोड. वाशी रोड. पुलाजवळ," तो वाचत होता. "वाशी रोड, पुलाजवळ. गतिरोधक. हे येवढं तुमी लिवून ठिवलं?"

"अकरातले नऊ त्या पुलापाशी, रस्ता उखडलाय तिथं. बाकी दोन गतिरोधकावर. उभ्या गाडीत एकदाही न्हाई. कॉम्प्युटर मेला असता तर तो पूल बघून मेला असता का?"

अक्रम पहिल्यांदाच नीट उभा राहिला. "न्हाय," तो म्हणाला. "मंजे कायतरी हलालंय. वायर असंल, न्हायतर जोड."

त्यानं बॉनेट उघडलं. मला आत बसवून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि एकेक वायर धरून हलवायला लागला. पुढची, मागची, बॅटरीजवळची. मी काचेमागून आवाज ऐकत होते. पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकायची सवय असलेल्या बाईला इंजिनाचा आवाज कळायला वेळ लागत नाही. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग इंजिनानं एकदम श्वास अडकल्यासारखं केलं.

"तिथंच," मी ओरडले. "परत हलव."

त्यानं परत हलवलं. गाडी परत अडखळली आणि माझ्यासमोर पिवळा दिवा लागला. त्या दिव्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. इंजिन बंद करून मी खाली उतरले. अक्रमच्या हातात वायरींचा एक मोठा जोड होता. तीन-चार सेन्सरांच्या वायरी त्या एकाच जोडातून पुढं जात होत्या, म्हणून दर वेळी वेगळा नंबर यायचा. त्यानं जोड सोडवला. आतल्या पितळी पिना हिरव्यागार झाल्या होत्या आणि चिकटही.

"पाणी मुरलंय. साधं पाणी न्हाय, असलं चिकट." मग जोडाच्या खालच्या खोबणीतून त्यानं नखानं काहीतरी काढलं. तांदळाचे चार दाणे होते. "उंदीर असंल, नर्सबाई. थंडीत इंजिनापाशी येऊन बसत्यात. त्यानंच घाण केली असंल."

त्यानं दाणे माझ्या तळहातावर ठेवले. दाण्यांवर लाल रंग होता.

दसऱ्याला गल्लीतली सगळी माणसं गाड्या धुतात, हार घालतात, चाकापुढं नारळ फोडतात. मला ते कधी पटलं नाही. चाक नुसतं फिरतं, राबतं ते इंजिन. म्हणून मी बॉनेट उघडून इंजिनालाच हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नारळाचं पाणी, पुरं वाटीभर, मोठ्या मायेनं त्याच्यावर ओतलं. गेली पाच वर्षं ओततेय.

अक्रम खाली बघत पाना पुसत होता. त्यालाही दिसलं होतं. पूजेतलं बोलावं की नाही, हा त्याचा संकोच होता.

"उंदीर कुंकू लावत न्हाई, अक्रम," मी म्हटलं.

"म्या कुणाला बोलणार न्हाय."

"मी बोलणार आहे. तू पिना साफ कर."

त्यानं ब्रशनं घासून, फवारा मारून पिना साफ केल्या. दोन अगदीच खाल्लेल्या होत्या त्या नव्या घातल्या आणि पाणी शिरू नये म्हणून वरून ग्रीस भरलं. मग मी स्वतः सांगितलं, आता पूस तुझा नंबर. कारण सापडल्यावर पुसायला माझी हरकत नव्हती. शुक्रवारी आणि शनिवारी मी मुद्दाम वाशी रोडला चार खेपा केल्या. चारही वेळा पुलापाशी दिवा लागला नाही.

रविवारी कुलदीप आला. गिऱ्हाईक दुपारी तीनला येणार होतं. त्यानं आधी दिवा बघितला आणि म्हणाला, "विझवून आणलास ना?"

"बस. वाशीला जाऊन येऊ."

त्या पुलावर मी गाडी मुद्दाम सगळ्यात वाईट खड्ड्यातून नेली. कुलदीपचं डोकं छताला लागलं. तो रस्ता बघतच नव्हता, त्याचे डोळे त्या दिव्याच्या जागेवर होते. वाशीत पोचलो, वळलो, परत त्याच पुलावरून आलो. तरी काही लागेना तेव्हा त्यानं विचारलं, "झालं काय होतं?"

मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. नारळाचं पाणी मीच ओतलं होतं, तेही सांगितलं. तो हसला, आणि हसता हसता त्याला मुद्दा सापडला.

"हेच तर म्हणतोय मी. आज पाणी ओतलंस, उद्या आणखी मोठं काहीतरी होईल."

"तुझ्या वडिलांनी फटफटी तीनदा पाडली. एकदा तर तुला टाकीवर बसवलेलं होतं. त्यांच्या हातातून चावी कुणी काढून घेतली होती?"

एक ट्रॅक्टर शेजारून गेला. मग कुलदीप खाली बघून म्हणाला, "मला भीती वाटते, आई."

हे त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं. पण मी हात पुढं केला तो केलाच.

"वाटू दे. तू पहिल्यांदा पुण्याला निघालास तेव्हा मलाही वाटली होती. मी तुझी बॅग लपवून ठेवली नव्हती. चावी दे."

"गिऱ्हाईक येणार आहे तीनला."

"त्याला चहा पाजू. चावी दे."

त्याच्या किल्ल्यांच्या कडीतून ती चावी लवकर निघेना. मी इंजिन चालू ठेवून, हात तसाच धरून बसून राहिले. अखेर त्यानं चावी माझ्या तळहातावर ठेवली. घरी पोचल्यावर तो फोनवर गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून सांगत होता, तेव्हा मी गाडीतच बसून वही काढली आणि तक्त्यात शेवटची ओळ लिहिली. रविवार. वाशी रोड, जाऊन-येऊन. इंजिन गरम. दिवा नाही. चाव्या दोन्ही माझ्याकडं.