मागची चटई

शनिवारी दुपारी शोभाबाई मोरीत बसून प्रभुभोजनाचे प्याले घासत होती. प्याले दोन होते. एक जर्मन सिल्व्हरचा, उंच देठाचा, मिशनच्या साहेबाने मायदेशी परत जाताना ख्रिस्ती मंडळीला दिलेला. दुसरा साधा अ‍ॅल्युमिनियमचा. सुरतेतल्या उधन्याच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात पहिला प्याला पुढच्या चटयांवर फिरायचा आणि दुसरा मागच्या चटईवर. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, की गर्दी फार होते, एका प्याल्याने उरकत नाही. पण भर पावसाळ्यात निम्मी मंडळी घरी राहायची, तेव्हाही प्याले दोनच निघायचे.

पुढच्या चटयांवर साक्री-नंदुरबारकडची जुनी कुटुंबं बसत. त्यांचे आजे महारवाड्यातून ख्रिस्ताकडे आले होते. मागच्या चटईवर मांगवाड्यातून आलेली माणसं बसत. पांडेसऱ्याला रंगाचे कारखाने निघाले तशी ती सुरतेत आली आणि पोटाबरोबर आपला विश्वासही घेऊन आली. गावच्या पाटलाने दोघांच्याही आज्यांना विहिरीला हात लावू दिला नव्हता. एवढं सोसून आलेल्या माणसांनी इथे, देवाच्या घरात, आपली आपली विहीर वेगळी केली होती, आणि यात काही वावगं आहे असं पुढच्या चटईवर कोणाला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दुपारपर्यंत शोभाबाईलाही वाटलं नव्हतं.

तिचा नवरा हिलाल आर्ट सिल्कच्या मिलमध्ये मुकादम होता आणि मंडळीत वडील, म्हणजे पाळकाच्या खालोखाल मानाचा माणूस. त्याचं चारित्र्य धुतल्या तांदळासारखं. दारूला त्याने कधी हात लावला नाही, पगार झाला की देवाचा दशमांश आधी बाजूला काढायचा. घरात तो अहिराणी बोले. पण ख्रिस्ती मासिकाला लेख लिहायला बसला की त्याची मराठी ताठ होई. 'मंडळ्या का फुटतात?' या नावाचं त्याचं सदर चाले. सिनेमा, बेलबॉटम, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जाहिराती, लाल बावट्याच्या युनियन, यांनी तरुण बिघडले आणि म्हणून मंडळीत भांडणं शिरली, असं तो मांडायचा. देशात त्या वर्षांत अनेक मंडळ्या एकत्र येत होत्या. उधन्याच्या मंडळीनेही त्यांच्यात सामील व्हावं असं पाळक मधुकरराव म्हणत, आणि हिलाल लिही, "एकीच्या नावाखाली भेसळ चालली आहे. जो कुंपण मोडतो, तो कळपाचा वैरी होय. अशा वैऱ्याला वेळीच ठेचले पाहिजे." दर महिन्याचा लेख तो पोराला, सुरेशला, समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवायचा. सुरेश त्याच मिलमध्ये माग चालवी. तो मान खाली घालून ऐकायचा.

प्याले पालथे घालून शोभाबाई उठली, तेव्हा तिची मुलगी रजनी दाराला टेकून उभी होती.

"माय, उद्या पाळक मनं नाव वाचतीन. मनं आनि भिकननं."

लग्नाआधी वधूवरांची नावं मंडळीसमोर वाचायची रीत होती. भिकन मागच्या चटईवरचा. पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या कामाला होता. नखांतला निळा रंग रविवारीही निघत नसे. भजनाला तो मागून ढोलकी वाजवायचा आणि रजनी पुढून गायची. दोघांमध्ये सगळी मंडळी बसलेली असायची, तरी ताल कधी चुकला नाही. शोभाबाईने ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

"बापले सांगं का?"

"सांगं. आबा काहीच नही बोलनात."

हे ऐकून शोभाबाईला जास्त भीती वाटली.

रविवारी उपासना संपत आली तशी पाळक मधुकररावांनी लग्नाची जाहीर सूचना वाचली. वर भिकन, वधू रजनी, कोणाची रास्त हरकत असेल तर आताच सांगावी. हिलाल उठला.

"हरकत आहे."

"मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही का?" पाळकांनी विचारलं.

"झाला आहे."

"आधी लग्न झालंय? काही व्यसन आहे?"

"नाही."

"मग हरकत कोणती, हिलालभाऊ? ज्या मेजासमोर उभे आहात, त्याच्यासमोर ती नावानिशी सांगा."

हिलालच्या तोंडून जात हा शब्द बाहेर पडेना. प्रभूच्या घरात जात नसते, हे त्यानेच कितीदा लिहिलं होतं. त्याने एकदा मेजाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तो मागच्या चटईवरचा आहे."

भिकनची आई सुंदरा हिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. पाळक म्हणाले, "ही हरकत मी नोंदवून घेणार नाही. आणि पुढच्या रविवारपासून प्याला एकच फिरेल."

त्या एका वाक्याने मंडळी उभी चिरली. आठवडाभर उधन्यात दुसरा विषय नव्हता. मुलीच्या लग्नाचं राहिलं बाजूला. प्रार्थनामंदिराची जागा कोणाची, पत्रे कोणी घातले, पाळकाला आणला कोणी आणि घालवायचा कोणी, यावर माणसं हमरीतुमरीवर आली. पुढच्या चटईच्या मंडळींनी दाराला नवं कुलूप ठोकलं. हिलालने घरी बैठक घेतली. पाळक नव्या जमान्याचा आहे, भेसळ करणारा आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "कुंपण मोडणाऱ्याशी नरमाई करणं हे पाप आहे," तो म्हणाला. सुरेश आणि त्याचे मिलमधले दोस्त भिंतीला टेकून बसले होते. शोभाबाई चहाचे कप गोळा करत होती. सुरेशचा चेहरा तिने पाहिला, पण पुरुषांच्या बैठकीत बोलायची तिला सवय नव्हती.

रविवारी पाळकांनी कुलूप पाहिलं आणि मागच्या चटईच्या लोकांना घेऊन ते अंगणातच उपासनेला बसले. पुढच्यांपैकीही काही घरं येऊन बसली. रजनी उघडपणे सुंदराशेजारी जाऊन बसली. हिलाल बंद दाराच्या पायरीवर पवित्र शास्त्र काखेत धरून उभा होता. शोभाबाई त्याच्या मागे.

पाळकांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि गुडघे टेकले. नेमक्या त्याच वेळी फाटकातून सुरेश आणि त्याचे दोस्त आत शिरले. त्यांच्या हातांत मागाचे सागवानी दांडे होते.

पहिला दांडा पाळकांच्या पाठीत बसला. ते तोंडावर पडले. माणसं डोळे उघडेपर्यंत दुसरा, तिसरा बसला. गुडघ्यावरचा माणूस पटकन उठू शकत नाही. जे उठत होते त्यांना खाली पाडून तुडवलं. एका म्हाताऱ्याचे दात फुटले, तो ओंजळीत रक्त धरून नुसता बघत राहिला. बायका पोरांना पोटाखाली घेऊन ओणव्या झाल्या, तर त्यांच्या पाठी फोडल्या. रजनीला एकाने वेणी धरून फरफटत बाजूला ओढलं. ढोलकी फुटली. मग सुरेश भिकनवर धावला, आणि सुंदराने मध्ये हात घातला. हाड मोडल्याचा आवाज पायरीपर्यंत आला.

"सुरेशना बाप, त्याले थांबाडा," शोभाबाईने नवऱ्याचा सदरा धरून हलवला. "तुमनंच ऐकी तो. एक शबद बोला."

हिलालचे ओठ हलले. शब्द आला नाही.

भिकनने आईला मागे लोटलं आणि तो उभा राहिला. त्याच्या हातात काही नव्हतं. "सुरेशभाऊ," एवढंच तो म्हणाला. दांडा त्याच्या कानशिलावर बसला. तो गुडघ्यावर आला, तसा दांडा पुन्हा त्याच जागी बसला, आणि तो कोसळल्यावरही बसत राहिला. शेवटी शोभाबाई पायरीवरून धावली आणि आपल्या पोराच्या अंगावर पडली तेव्हा तो थांबला. सुरेशने तिच्याकडे पाहिलं. जन्म दिलेल्या पोराचे डोळे तिला ओळखू आले नाहीत.

भिकन इस्पितळात शुद्धीवर न येताच गेला. पाळकांनी पाठीला पट्टे बांधून, काठीच्या आधाराने त्याला माती दिली. पुढच्या चटईवरचं, अंगणात बसलेल्यांपैकीही, कोणी फिरकलं नाही. रजनी गेली, ती सुंदराबरोबर पांडेसऱ्यालाच राहिली.

इकडे हिलालने पुढच्या चटईची घरं एका शब्दाने बांधून घेतली. सांगायचं काय, तर बाहेरचे गुंड दारू पिऊन आले, कोण कुठले ठाऊक नाही. ज्याने आयुष्यभर असत्य हे सैतानाचं बी म्हणून लिहिलं, त्याने घरोघरी जाऊन ते बी पेरलं. बायकोला म्हणाला, "तू पायरीवर व्हती. तुले इचारतीन. सांग, तोंडं देखात नहीत."

सुरेश घरातच होता. जेवत नव्हता, कामावर जात नव्हता. आतल्या खोलीत गोणपाटावर पडून राहायचा.

फौजदार सकाळी आले. मागच्या चटईच्या लोकांनी आणि रजनीने सुरेशचं नाव दिलं होतं, पण पुढची घरं ते वैरापोटी घेतलं म्हणत होती. हिलालने त्यांना खुर्ची दिली, आपलं सांगून झालं. मग तिने काय पाहिलं ते विचारायला फौजदार स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

"बेन, तमे शुं जोयुं?"

शोभाबाईने हात पदराला पुसले. तिला आतल्या खोलीतलं गोणपाट दिसत होतं. हा पोरगा गोवराने फणफणला होता, तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून देवाला म्हणाली होती, की याला ठेव, माझं काहीही घे. आज देव तिचं सगळंच एकदम मागत होता असं तिला वाटलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे सुंदरा आली, मोडका हात लोंबत असताना दुसऱ्या हाताने पोराचं डोकं मांडीवर घेणारी.

"दांडा मना पोऱना हातमा व्हता," ती म्हणाली. "नाव लिखी ल्या. सुरेश हिलाल."

हिलाल ताडकन उठला. लग्न झाल्यापासून त्याने तिच्यावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी त्याने फौजदारांसमोर तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की ती चुलीपाशी जाऊन पडली आणि तिचा ओठ फाटला. शिपायांनी त्याला धरलं. शोभाबाई उठून बसली, रक्त पुसलं आणि पुन्हा तेच नाव सांगितलं. कोर्टातही तिने तेच सांगितलं. भिंतीवरची तसबीर सरळ करावी तितक्या शांतपणे.

सुरेशला सजा झाली. मंडळीच्या वडीलमंडळाने शोभाबाईला मंडळीतून काढून टाकलं. कारण दिलं, नवऱ्याची अवज्ञा. जिने नवऱ्याच्या सांगण्यावरून खोटं बोलायला नकार दिला, तिला सत्याच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळीत जागा उरली नाही. प्रार्थनामंदिराच्या जागेचा दावा कोर्टात गेला. दाराला दोन्हीकडच्यांची कुलपं लागली आणि आतमध्ये चटयांना वाळवी लागली.

शोभाबाई घर सोडून गेली नाही. नवऱ्याला दोन वेळा भाकरी करून घालायची. त्याने विचारलं तर बोलायची, नाहीतर गप्प. जमेल तेव्हा बडोद्याच्या गाडीत बसून तिथल्या तुरुंगात सुरेशला भेटायला जायची. तो बाहेर येत नसे. ती बाकावर बसून वेळ संपेपर्यंत थांबायची आणि आणलेलं तिथेच ठेवून परतायची. असं बरेच महिने चाललं. एकदा तो आला. जाळीपलीकडे उभा राहिला. वाळला होता.

"तुनी मनं नाव का सांगं, माय? मी तुना आंडोर, पोटना पोऱ ना? माले वाचाडाले पायजे व्हतं."

"वाचाडासाठीच सांगं," शोभाबाई म्हणाली. "खोटं बोलीसन तुले घरमा ठेवं असतं, तर तुनी आखो कोनले तरी मारं असतं. आनि आपलाले काहीच नही लागत, असं तुले वाटतं राहतं."

त्याने जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाला, "तो माले भाऊ म्हने. दांडा उचलेल व्हता तरी भाऊ म्हने." त्याने कपाळ जाळीला टेकवलं. "दांडा मना हातमा व्हता, माय. पन आबानी तो आधी मना डोकामा ठेयेल व्हता. दर महिनाले वाचीसन."

परत येताना गाडीत ती खिडकीशी बसली आणि कधी नव्हे ती मोकळेपणी रडली.

घरी हिलाल टेबलाशी लिहीत होता. मासिकाने सदर बंद केलं नव्हतं. मंडळीतल्या फुटीने विश्वासी लोकांचं किती नुकसान झालं, आणि आधुनिक शिक्षण घेतलेले पाळक त्याला कसे कारणीभूत आहेत, यावर त्याचा लेख अर्धा झाला होता.

"भेटना का?" त्याने मान वर न करता विचारलं. "काय म्हने तो?"

शोभाबाईने पोराचं बोलणं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, नवऱ्याला सांगितलं. टाक हिलालच्या हातात तसाच राहिला. कागदावर शाईचा डाग पसरत गेला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

"मी लोकेसले आते काय सांगू?"

"हाईच लिखा," ती म्हणाली.

तो लिहितो की नाही हे बघायला ती थांबली नाही. सुंदराचा हात वाकडाच जुळला होता, तिला हंडा उचलत नसे. नळाचं पाणी जायच्या आत पांडेसऱ्याला पोचून तिचा हंडा भरायला हवा होता. शोभाबाईने चपला घातल्या आणि ती निघाली.