उंबऱ्याला हाणायची सवय

आरोही अंगणवाडीतून आली ती कोपर सोलवटूनच. अंजलीनं लेकीला जवळ ओढलं. सासूबाईंनी तर पदरच खोचला.

"दगडाबाईनं ढकललं ना गं?"

आरोहीनं मान डोलावली.

"बघ! सरपंचाकडं जाते आन् अंगणवाडीतल्या त्या मदतनिशीला घरीच बसविते!"

अंजलीनंही चप्पल पायात सरकवली होती. पण चौसाळ्याहून बसनं जाऊन ती एका छोट्या विद्यापीठात फौजदारी न्याय विषयात बीए करत होती, आणि कालच वर्गात मॅडमनी बजावलं होतं: लेकराच्या तोंडी उत्तर घालू नका.

"थांबा, आत्याबाई," ती सासूबाईंना म्हणाली. "आरू, मांजरीनं ढकललं का?"

मान डोलली.

"आज्जीनं?"

पुन्हा डोलली.

"अगं बया! मी कवा?"

अंजलीला आठवलं, आरोही चालायला शिकताना पडली, की घरातले सगळे उंबऱ्याला हाणायचे. कुणीतरी दोषी असतंच, हे पोरीला घरानंच शिकवलं होतं.

"काय झालं, बाळा?" एवढंच विचारून तिनं पायातली चप्पल काढून ठेवली.

"मी बाकावरून उडी मारली. दगडाबाईनं फुंकर घातली."

सासूबाईंनी हळूच पदर सोडला. "मंग आता कुणाला हाणावं गं?"