दर्यानाथांचं हिरवं पाणी

लालबागच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या हातात बाटली आणि बाटलीत हिरवंगार पाणी. व्यासपीठावर दर्यानाथ महाराज गरजत होते, "समुद्राचं साधं पाणी मी मंत्रून दिलं. ज्याची भक्ती खरी, त्याच्या घरी ते हिरवं झालं! बुडबुडे बघा. पाणी श्वास घेतंय, माउली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे अनुजा दातओठ खात उभी होती.

तिची आई गंगुबाई घोडपदेवच्या चाळीत राहायची, आतल्या खोलीत. तिथे भरदुपारी दिवा लावावा लागे. शेजारच्या लवूकाकांची बाटली गॅलरीत पंधरवड्यात हिरवी झाली. गंगुबाईची देव्हाऱ्यात होती तशीच नितळ. महाराज म्हणाले, "तुझा विश्वास सुईवर, माझ्यावर नाही!" म्हातारीने इन्शुलिन सोडलं. दादरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला पत्ता लागू दिला नाही. तिला कळलं, तेव्हा आई बेशुद्ध होती. हॉस्पिटलातून ती परत आलीच नाही.

तेराव्याला लवूकाका हळहळले, "गंगूची भक्तीच कमी पडली गो."

अनुजाचे डोळे तिथेच कोरडे झाले. या माणसाला त्याच्याच पाण्यात बुडवायचं, तिने ठरवलं.

भक्तीण बनून ती दरबारात गेली. तिथल्या समुद्राच्या पाण्याच्या एकाच बादलीतून दोन बाटल्या भरून घेतल्या. एक महाराजांकडून मंत्रून घेतली आणि काळ्या कागदात गुंडाळून कपाटात कोंडली. दुसरीला ना मंत्र, ना फूल. ती खिडकीत उन्हात ठेवली आणि रोज तिच्यासमोर महाराजांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आज दोन्ही घेऊन ती व्यासपीठावर चढली.

"महाराज, ही तुम्ही मंत्रलेली. आणि ही मी रोज शिव्या घातलेली."

तिने काळा कागद टराटरा फाडला. मंत्रलेलं पाणी नितळ. शिव्या खाल्लेलं हिरवंगार, बुडबुड्यांसकट.

"तुझ्या मनात पाप आहे!" महाराज ओरडले.

"मग माझं पाणी हिरवं कसं झालं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. लवूकाका उठले. "खरंच गो, कसं झालं?"

"काका, समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. उजेड शोषून त्या अन्न तयार करतात, वाढतात, प्राणवायू सोडतात. तेच हे बुडबुडे. खत आपल्या गटारांनी आधीच घातलेलं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, पाणी गढूळ, ऊन मिळत नाही. म्हणून हे आषाढात दुकान बंद करतात आणि सांगतात, देव झोपलाय! आईची भक्ती कमी नव्हती, काका. तिच्या खोलीत उजेड कमी होता."

लवूकाकांनी हातातली बाटली खाली ठेवली.

महाराज मागच्या दाराकडे सरकले. तिथे पोलीस उभे होते. अनुजाने तक्रार सकाळीच नोंदवली होती. महाराजांनी हात जोडले. "ताई, चुकलो. माफ करा."

"नाही करणार. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मी समोर बसेन."

मग तिने माईक उचलला. "याच्या सांगण्यावरून कोणी औषध बंद केलंय?"

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग हॉलभर हात.

अनुजा म्हणाली, "आधी घरी जा, औषध घ्या. देवाला खुशाल हात जोडा. पण चमत्कार दाखवणारा भेटला, की आधी तोच चमत्कार त्याच्याशिवाय होतो का, ते घरी करून बघा."