मास्तरांच्या पोटाचं अस्तर

"माणसाच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ स्वयंपाकघरात असतं," असं कटिंग मास्तरांनी कात्री खाली ठेवून शिंप्याच्या दुकानात जाहीर केलं आणि त्याच दमात घरी फोन लावून रात्री जेवायला काय आहे ते बायकोला विचारलं.

उकडलेला भोपळा होता. कालही तोच होता. मास्तरांच्या पोटात आग पडू लागली तशी बायकोने, म्हणजे बाईंनी, आधी तिखट काढलं, मग तेल, मग फोडणी आणि शेवटी मीठ. आग काही विझेना. प्रत्येक घासानंतर मास्तर पोटावर हात ठेवून ताटाकडे असे बघत, की पाहुण्यांनी बोटं चाटून नावाजलेल्या बाईंना स्वतःच्याच हाताचा संशय येऊ लागला. लेकीने बाहेरून डबा लावायचं सुचवलं. त्या रात्री बाईंऐवजी भांडीच बराच वेळ बोलत होती.

मास्तरांना संधिवात होता. सकाळी बोटं इतकी आखडलेली असत, की कात्रीच्या कड्यात अंगठा शिरत नसे. त्यासाठी सांध्यांचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे. एकाचं दुसऱ्याला सांगायचं मास्तरांच्या मनातही आलं नाही. शर्ट शिवायला आलेलं गिऱ्हाईक आपल्याला चपलेची तक्रार सांगतं का, असा त्यांचा सवाल होता.

दुखणं थांबवायच्या गोळ्याही ते कापड बघून घेत. शर्टाला एक, कोटाला दोन. त्याही उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर. कारण पोटात अन्न पडलं की डोळे जड होतात आणि खडूची रेघ हलते. गोळी जेवणानंतर घ्यायची हे त्यांना मान्यच होतं. सकाळची गोळी रात्रीच्या जेवणानंतरचीच, नाही का?

पुढे कोटांची गर्दी झाली. मास्तरांना शौचाला काळं होऊ लागलं, आणि एके दिवशी माप घेता घेता चक्कर येऊन ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावरच टेकले. गिऱ्हाईक हललं नाही. त्याला वाटलं, मापाची हीच पद्धत असेल.

पोटाच्या डॉक्टरांकडे बाई आरोपीसारख्या सोबत गेल्या. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, जखम सापडली. मग त्यांचं लक्ष मास्तरांच्या सुजलेल्या बोटांकडे गेलं आणि त्यासाठी काय घेता, असं त्यांनी विचारलं.

"एखादी गोळी. जेवणानंतर."

"जेवणानंतर?" बाई म्हणाल्या. "दुपार कलल्याशिवाय तुम्ही डबा कधी उघडता?"

मग सगळंच उलगडलं. गोळ्यांनी पोटाचं अस्तर खाल्लंय, असं डॉक्टर म्हणाले. अस्तर म्हटल्यावर मास्तरांना एकदम समजलं. त्या गोळ्या बंद झाल्या, आणि डॉक्टरांनी सांध्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

"आणि स्वयंपाक?" बाईंनी विचारलं.

"स्वयंपाकाचा काही दोष नाही."

"जरा मोठ्यानं सांगा. ह्यांना कमी ऐकू येतं."

मास्तरांना उत्तम ऐकू येत होतं.

घरी बाईंनी त्यांची बोटं कोमट पाण्यात धरली. मास्तर म्हणाले, "कात्री थांबली तर मला मास्तर कोण म्हणणार, याची धास्ती होती. ती सांगण्यापेक्षा तुझ्या हाताला नावं ठेवणं सोपं गेलं."

"सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "मी घाबरले असते तुमच्याबरोबर."

मास्तरांनी मान हलवली. पाणी थंड होईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मग मास्तरांनी बोटं पुसली.

"एक मागू? भोपळ्यात आता मीठ घालशील?"