सातवा प्रश्न

एक. डिस्क घातली की कीर्तन वाजवणारा प्रोग्राम कुलपाला, म्हणजे नक्कल अडवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला, विचारतो: आहेस का? उत्तर: आहे.

दोन. डिस्क खरी का? उत्तर: खरी.

कुलूप करणारी कंपनी बुडाली, नव्या कॉम्प्युटरवर ते चालेना. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये सहाना त्याच्या जागी दुसरं लिहीत होती, सगळ्यांना फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. डिस्कवर तिच्या वारलेल्या आत्याची मराठी कीर्तनं होती. तंजावरात आत्याच्या चाळीस शिष्यांकडे तीच डिस्क मुकी पडली होती.

तीन ते सहा. नियम एकच. बाहेरून प्रश्न ऐकायचे, उत्तरं ऐकायची. कुलूप उघडून आत पाहिलं की ती नक्कल. पाहणाऱ्याचा कोड कुणी घेत नाही. इथवर आठ महिने.

सात.

इथं ती अडली. तीन आठवड्यांनी, मंगळवारी, तिनं आत पाहिलं. काय दिसलं ते लिहीत नाही. उद्या तुम्हालाही कोड लिहायचा असेल.

आठ. बुधवारी डिस्क गायली. अप्पा, म्हणजे सहानाचे वडील भीमसेनराव, बहिणीचा आवाज ऐकत उभेच राहिले.

"पाठव की, कण्णा," ते लेकीला लाडानं म्हणाले.

"आत पाहिलं, अप्पा. असं पाठवलेलं चालत नाही."

"कोण पाह्यलं तुज?"

"कुणी नाही."

"मग?"

त्या दिवशी आजोबांचं श्राद्ध. सोवळ्यातली अम्मा स्वयंपाकघरातून निघाली नि परत न्हाणीकडे वळली.

"पुन्हा? बारा वाजले," अप्पा म्हणाले.

"दाराच्या पडद्याला पदर लागला," अम्मा म्हणाली, आणि कडी लावली.

नऊ. सहानानं आशिषला फोन केला. हा नाशिकचा, त्याच शहरात तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, राहणारा; त्याच कामातला दुसरा माणूस.

"सातवं मी आत पाहून लिहिलं. माझं सगळं काढून टाक."

"आठ महिने आहेत, बाई."

"माहितीय. आता मी फक्त प्रश्न नि उत्तरं लिहून देणार, मराठीत. कोड तू लिही."

"मराठीत का?"

"इंग्रजीत हात आपोआप कोडाकडे जातो."

"मला वर्ष लागेल."

"तुझा वेग पाहता दीड."

दहा. संध्याकाळी तिनं पहिलं पान अप्पांना वाचायला दिलं, साध्या माणसाला कळतं का पाहायला. बँकेत तीस वर्षं इतरांची पत्रं तपासलेले अप्पा पेन्सिल घेऊन बसले. सातव्याशी थांबले.

"ही ओळ बाहेरून कळण्यासारखी नाही. खोड."

सहानानं खोडली.