गव्हाशी अबोला धरलेला टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. बुडाला पोचे, काठ वाकडा, कानाला खुणेची लाल चिंधी. पण कीव करू नका, मला ती आवडत नाही.

सहारा वाळवंटातल्या आमच्या सहरावी निर्वासितांच्या छावणीत एका लोहाराने भंगारातले ॲल्युमिनियम वितळवून मला ओतले. एंबार्का नावाच्या बाईने मला मुद्दाम करून घेतले होते, तिच्या भाचीसाठी. भाचीचे नाव गालिया. आई वारल्यावर गालिया आणि तिची धाकटी बहीण मिनतू या मावशीच्याच तंबूत वाढल्या. लहानपणी गालिया काडीसारखी वाळत चालली होती आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे. डॉक्टरांनी सांगितले, हिला गहू आणि जव चालत नाहीत, त्यांतले ग्लुटेन हिची आतडी सोलून काढते.

आता पाहा, आमच्याकडे मदतीच्या मालमोटारी येतात त्या गव्हाच्या पिठाची पोती घेऊनच. सकाळी भाकर, दुपारी भाकर, पाहुणा आला की सांज्याचा डोंगर. अशा ठिकाणी गव्हाशी अबोला धरायचा म्हणजे सगळ्या गावाशी वैर घेण्यासारखे आहे. गालियाने ते घेतले, आणि तिच्याबरोबर मीही. माझ्यात फक्त तिचा भात, तिची डाळ, तिचे उंटाचे मांस. मला घासायची वाळूसुद्धा वेगळी. पाहुणे आले की मोठी भांडी मिरवत बाहेर जायची आणि मी कोपऱ्यात पडून राहायचो. म्हणजे कुणी मला चुकूनही हात लावू नये. या दुर्लक्षाचा मला अभिमान होता.

मिनतूच्या लग्नात मात्र घात झाला. पहिल्या दिवशी एंबार्काला वाटले, पोरगी बहिणीच्या लग्नातही कोरडाच भात खाते. तिने शेजारच्या भांड्यातला दाट रस्सा डावभर माझ्यात ओतला. रस्सा गव्हाच्या पिठाने दाट केला होता, हे गडबडीत तिच्या ध्यानातच आले नाही. गालियाने आवडीने खाल्ला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पोट धरून आडवी झाली. मळमळ, उलट्या, कळा. एंबार्का डोके धरून बसली. गालिया तिला एवढेच म्हणाली, "मावशी, रडून माझं पोट बरं होणार नाही. तो टोप तेवढा घासून आण."

दुसऱ्या दिवशी कळा ओसरल्या आणि भूक आली. मित्रांनो, भूक मी जन्मभर पाहिली आहे, पण ही निराळीच होती. जेवून हात धुवावेत आणि धुताधुताच पुन्हा लागावी, अशी. गालियाने आधी ती भूक चहावर भागवून पाहिली, तर ती उगीच सगळ्यांवर खेकसू लागली. बाहेर वाळूत भाजलेल्या भाकरीचा वास सुटला होता. शेजारणी समजुतीने म्हणाल्या, भाकरीनेच पोट भरतं, तुकडाभर खाऊन तर पाहा, व्हायचं ते होऊन गेलंय. गालियाने भाकरीकडे पाहिले. तिच्या तोंडाला पाणी सुटलेले मला दिसत होते.

तिने चूल पेटवली आणि मला वर चढवले.

भात, डाळ, वर उंटाच्या वशिंडाची चरबी. ती सावकाश, चावून चावून खायची. घटकाभराने शेळीचे दूध आणि खजूर. भूक परत आली की मी परत चुलीवर. एक शेजारीण हसून म्हणाली, "हिला पोसता पोसता नवरदेवाचे उंट संपतील गं."

"संपू देत," गालिया घास न थांबवता म्हणाली. "माझी आतडी सोलली गेलीत, ती भरून काढतेय. लाज वाटायला मी काही चोरून खात नाही."

दुपारी नवरदेवाकडच्या बायका जेवायला बसल्या. आमच्याकडे सगळ्यांनी एकाच परातीत हात घालायचा असतो, त्यातून सोयरीक पक्की होते. सगळ्यांचे म्हणणे पडले की गालियाने आज आत पडूनच राहावे, नाहीतर नको ते प्रश्न निघतील. गालियाने नवा मेल्हफा अंगाभोवती गुंडाळला, मला काखेत मारले आणि थेट परातीजवळ जाऊन बसली. लग्नाच्या पंगतीत मी, पोचे पडलेला टोप! पाहुण्यांच्या तोंडचा घास तोंडातच राहिला.

नवरदेवाची आत्या, तुफा, थंडपणे म्हणाली, "आमच्या परातीत हात घालायला कमीपणा वाटतो का?"

मिनतूचा चेहरा उतरला. एवढ्यावरून लग्नाला गालबोट लागू शकले असते.

"कमीपणा नाही, आत्याबाई," गालिया म्हणाली. "गव्हाचा कणसुद्धा मला आडवं करतो. बहिणीच्या लग्नात मी उपाशी पण बसणार नाही आणि लपून पण बसणार नाही. तुमच्या शेजारी बसून खातेय, म्हणजे तुमच्यातच जेवतेय."

मग एंबार्का उठली. आमच्याकडे पाणी घोटाघोटाने वापरतात, पण तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखे घासली, ओले हात कशालाही न लावता येऊन गालियाजवळ बसली आणि माझ्यात हात घातला. तुफा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पाणी मागवले. तिनेही हात धुतले, माझ्यातला एक घास घेतला, चघळला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"आजारी माणसाचा स्वयंपाक आहे, आत्याबाई," गालिया म्हणाली, आणि पुढचा घास घेतला. मिनतू पदराआड हसत होती.

त्या दिवशी मी रिकामा झालो आणि गालियाला पुन्हा भूक लागली. ती भूक काही एका लग्नाने हटणारी नव्हती, बरेच दिवस ठाण मांडून बसली होती. म्हणून मी पुन्हा चुलीवर चढलो.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असे एखादे पोट असेल. त्याच्यासाठी हळहळू नका. हात धुवा, जवळ बसा. आणि ते माणूस किती खाते आहे, हे मोजू नका.